प्रयोगशाळेच्या एनएबीएल मानांकनाने रुग्णाला नेमका काय फरक पडतो?

प्रश्न (मुलुंड) :
माझे वडील मूत्रपिंडाचे रुग्ण आहेत. गेल्या महिन्यात घरून नेलेल्या रक्ताच्या तपासणीत त्यांचे पोटॅशियम ६.८ आले आणि डॉक्टरांनी तातडीने रुग्णालयात न्यायला सांगितले. तेथे ईसीजी व्यवस्थित निघाला व फेरतपासणीत पोटॅशियम ४.६ भरले. त्या प्रयोगशाळेला एनएबीएलचे (प्रयोगशाळांची गुणवत्ता तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मानांकन नव्हते, हे नंतर कळले. ते असते तर हे टळले असते का, की मानांकन म्हणजे भिंतीवरचे प्रमाणपत्रच?

उत्तर (परळ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ) :
खात्रीने टळले असते असे म्हणता येणार नाही, पण टळण्याची शक्यता बरीच वाढली असती. अशा चुका बहुतेक वेळा यंत्रात होत नाहीत, नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच होतात. रक्त ओढताना तांबड्या पेशी फुटल्या, किंवा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) वेगळे न करता नळी तासन्‌तास पिशवीत राहिली, तर पेशींतले पोटॅशियम बाहेर येते. नळी बर्फावर ठेवल्यानेही ते वाढते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. एनएबीएलचे मानांकन आयएसओ १५१८९ या वैद्यकीय प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार दिले जाते आणि त्यात नमुना घेण्यापासून अहवाल हाती देण्यापर्यंतची प्रत्येक पायरी येते. आमच्याकडे सेंट्रिफ्यूजमधून (नळी वेगाने फिरवून रक्ताचे घटक वेगळे करणारे यंत्र) नळी काढली की आधी सीरमचा रंग पाहतात. गुलाबी छटा, म्हणजे पेशी फुटल्याची खूण, दिसली, तर पोटॅशियमचा आकडा न देता नमुना नाकारल्याची नोंद करून आम्ही पुन्हा रक्त मागवतो. लोक चिडतात, ते मला समजते, तरीही चुकीचा आकडा देण्यापेक्षा ते बरे. रोज रुग्णांच्या नमुन्यांआधी कंट्रोल (ज्याचे आकडे आधीच माहीत असतात असा नमुना) लावावे लागते व ते मर्यादेबाहेर गेले तर कारण सापडेपर्यंत अहवाल थांबतात. शिवाय वेल्लोरच्या सीएमसी या वैद्यकीय महाविद्यालयासारख्या संस्थांकडून येणारे अज्ञात नमुने तपासून आपले आकडे इतर प्रयोगशाळांशी ताडून पाहावे लागतात.

उत्तर (दादर, फिजिशियन) :
एक गोष्ट जोडतो. मानांकन प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ते ठरावीक तपासण्यांपुरते असते. त्यामुळे आपल्याला हवी असलेली तपासणी त्या यादीत आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहावे. आपल्या देशात ते ऐच्छिक असल्याने ही चौकशी रुग्णालाच करावी लागते, याचे मला मनापासून वाईट वाटते. वॉर्फरिन (रक्तात गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी) घेणाऱ्यांच्या बाबतीत तर फारच जपावे लागते : निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरली नाही, तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) खोटाच जास्त येतो, त्यावरून गोळी कमी केली जाते आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही आभार. जुना अहवाल काढून पाहिला. नमुना घेतल्याची वेळ सकाळी ७.१० आहे, पोहोचल्याची वेळ दुपारी १.४०. पुढची तपासणी बाबांना थेट प्रयोगशाळेत नेऊनच करणार आहे.