कोरोना पॉझिटिव्ह आणि घरीच : तुमच्याकडे लोकांनी कसं घेतलं?

एप्रिल २०२० च्या शेवटी केंद्राने सौम्य लक्षणंवाल्यांना घरी राहायची मुभा दिली खरी, पण आमच्या सोसायटीला ते पचायला दिवाळी उजाडली. तोवर पॉझिटिव्ह आला की ॲम्ब्युलन्स दारात हवीच. घरी राहून बरे झालेले, घरच्यांचं केलेले आणि हो, शेजाऱ्याला घरी ठेवलं म्हणून घाबरलेले पण, सगळ्यांनी लिहा.

डोंबिवली
वन बीएचके, माणसं पाच. पालिकेकडून आलेल्या बाई म्हणाल्या स्वतंत्र संडास-बाथरूम असेल तरच घरी ठेवता येईल, आणि सासरे तर कोविड सेंटरला जायला ठाम नाही, तिथे गेलेला माणूस परत येत नाही असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. शेवटी समोरच्या काकूंनी मुलाच्या बंद फ्लॅटची चावी काढून दिली, त्यावर कमिटीवाले भांडायला आले तर काकूच दारात उभ्या, "माझ्या घरात कोण राहतं ते मी बघेन". डबा मी दाराबाहेर स्टुलावर ठेवायचे.

माण तालुका
मे २०२१ ला सरकारने १८ जिल्ह्यांत होम आयसोलेशन बंद करून सेंटरला जा म्हणून सांगितलं तेव्हा लय शिव्या पडल्या, पण मला ते पटलेलं. आमच्या आळीत घरात बसलेला पॉझिटिव्ह संध्याकाळी डेअरीला दूध घालायला हजर! एकाचं झालं की अख्खं घर आडवं. ज्यांची रानात वस्ती होती ते तिकडं राहिले, त्यांचं निभावलं. आशाताई मात्र उन्हातान्हात ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं मशीन) घेऊन फिरायच्या आणि लोक त्यांनाच दारात घेत नव्हते, हे काय बरोबर नाय.

पुणे
दारावर बोर्ड लागला त्या दिवसापासून कामवाली, पेपर, कचरा सगळं बंद. कचऱ्याचा वास मजल्यावर सुटला तेव्हा कुठे चेअरमनना जाग आली.

नाशिक, मी जीपी (फॅमिली डॉक्टर) आहे
औषधाने नाही, लोकांना धीर आला ऑक्सिमीटरने. हातात आकडा असला की नातेवाईक घरी ठेवायला तयार व्हायचे. मी सहा मिनिटं घरातल्या घरात चालायला लावायचो, त्यानंतर आकडा ९३ च्या खाली गेला तर हॉस्पिटल, वाद नाही. नेलपॉलिश, मेंदी असली तर रीडिंग चुकू शकतं हे रोज सांगायचो. एकदा मध्यरात्री एकाने फोटो पाठवला, ८६! मी बेडसाठी फोनाफोनी सुरू केली, मग म्हटलं पेशंटशी बोलावं तर आजोबा खणखणीत आवाजात नातवावर ओरडत होते. मशीन उलटं धरलं होतं हो, ९८ होतं ते.