विंचू चावल्यावर रक्तदाबाची गोळी का देतात?

प्रश्न : परवा गडग्याचे चिरे उचलताना आईला लाल विंचू चावला. हात गारठले, घामाने लुगडं चिंब. डॉक्टरांनी प्राझोसिन दिली. ती तर रक्तदाबाची गोळी ना?

उत्तर : मी महाडकडची, नर्स आहे. विंचवाचं विष मज्जातंतूंवरची सोडियम आत घेणारी दारं वेळेवर मिटू देत नाही. संदेश सुटतच राहतात, अ‍ॅड्रेनलिन या ताणाच्या रसायनाचा पूर येतो. ते रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरला, म्हणजे संदेश घेणाऱ्या जागेला, चिकटलं की रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरतं, आणि माणूस जातो तो त्यानेच. प्राझोसिन नेमकी त्या अल्फा रिसेप्टरची जागा अडवते. विष तसंच असतं, पण वाहिन्या सैलावतात. ही वाट महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८०च्या दशकात दाखवली. आम्हा कोकणातल्या लोकांवर त्यांचे फार उपकार आहेत.

प्रश्नकर्ता : तरीच पहाटे तिचे हात ऊन लागले! पण उठताना चक्कर आली.

दुसरं उत्तर : गोळीने वाहिन्या सैलावल्या की उभं राहताच दाब घसरतो. आडवंच ठेवा, डॉक्टरांना कळवा. सोबत प्रतिविषही देतात, ते विचारा. आणि मांत्रिकाकडे वेळ घालवला नाहीत, हे फार बरं केलंत.