कथलाचे शिपाई ओततोय, पण संगीन काही भरत नाही

लाइपझिगकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा विचित्र आहे. इथल्या जुन्या जाणत्या म्हाताऱ्यांना विचारलं होतं, पण ते ज्या सॅक्सन वळणाचं जर्मन बोलतात त्यातलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं. म्हणून आपल्या माणसांना विचारतोय.

मागच्या महिन्यात रविवारच्या जुन्या बाजारात पंचवीस युरोला एक साचा मिळाला. धातूच्या दोन जाड पट्ट्या, मोबाइलएवढ्या. आत तीन शिपाई कोरलेले: एक बंदूक खांद्याला लावून चालणारा, एक गुडघा टेकून नेम धरणारा आणि एक तलवार उपसलेला अधिकारी. तिघांच्याही डोक्यावर ते टोकदार शिरस्त्राण. विकणारा म्हणाला, श्नायडर बंधूंचा आहे, म्हणजे आमच्या लाइपझिगचाच. पाठीवर बारीक अक्षरांत डी.आर.जी.एम. (जर्मन साम्राज्यातल्या नोंदणीकृत नमुन्याची खूण) असा ठसा आहे.

हे शिपाई ना पूर्ण गोल ना पूर्ण सपाट. देवघरातले दोन टाक पाठीला पाठ लावून चिकटवले तर जसं दिसेल, साधारण तसे. दोन्ही बाजूंनी उठाव, पण समोरून बघितलं तर चार मिलिमीटरची चिपटी. उंची चाळीस मिलिमीटर.

हार्डवेअरच्या दुकानातून नळजोडणीचं बिनशिशाचं डाक आणलं (९७ टक्के कथील, ३ टक्के तांबं), बाल्कनीत विजेच्या शेगडीवर जुन्या पळीत वितळवलं आणि ओतलं. चौदा वेळा. पाय, पोट, दप्तर झकास. पण संगीन दरवेळी अर्ध्यात तुटलेली, शिरस्त्राणाचं टोक एकदाही आलेलं नाही, आणि अंगावर दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या. पहिल्याच ओतणीला तर साच्यातून फस्सकन थेंब उडाला आणि माझ्या चपलेला भोक पडलं. बायकोने तेव्हापासून बाल्कनीचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली आहे.

चुकतंय कुठे? शिसं मिसळलं तर बरं होईल, असं एक जण म्हणाला. घरात आठ वर्षांचा मुलगा आहे. आणि रंगवायचे कसे? दिवाळीत बाल्कनीत किल्ला करायचा आहे, त्याच्या पायथ्याशी १८१३ ची इथली नेपोलियनविरुद्धची लढाई मांडायची असा चिरंजीवांचा हट्ट आहे. ड्योलिट्झच्या वेशीतलं कथलाच्या बाहुल्यांचं संग्रहालय पाहून आल्यापासून घरात दुसरा विषय नाही.

शिरोलीचा ओतारी

अरे वा. अडतीस वर्षं बिडाच्या फाउंड्रीत काढली, चौदाशे अंशाचा रस बघितला, आणि आता निवृत्तीनंतर स्वयंपाकघरात अडीचशे अंशाशी खेळतो. तुझं दुखणं ओळखीचं आहे.

आधी चपलेचं. साचा तळघरातून आलेला असणार. त्याच्या अंगात ओल होती. ओलीवर रस पडला की तिची क्षणात वाफ होते आणि तिला बाहेर पडायला एकच वाट असते, ती म्हणजे तू जिथून ओततोस ती. थेंबभर पाणीसुद्धा वाईट. साचा आधी शेगडीच्या कडेला ठेवून नीट तापव. उघड्या बोटाने धरवणार नाही इतका गरम झाला पाहिजे. चष्मा, बंद बूट, जाड सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट. नायलॉन नको, ते अंगाला चिकटतं.

यातच तुझ्या संगिनीचंही निम्मं उत्तर आलं. थंड साच्यात रस शिरतो तो जाड भागात निवांत बसतो, पण दोन मिलिमीटरच्या नळीत शिरेपर्यंत गोठतो. सुरकुत्या म्हणजे तेच: रस थांबत थांबत पुढे गेला. पहिले चार-पाच शिपाई साचा तापवण्यापुरतेच समज. ते परत पळीत जातात, काही वाया जात नाही.

उरलेलं निम्मं डाकात आहे. तांबं घातलेलं कथील एका अंशावर वितळत नाही. काही काळ ते लापशीसारखं राहतं, आणि लापशी बारीक भोकात जात नाही. नुसतं कथील २३२ अंशाला सरळ पाणी होतं. तुमच्याकडे जुन्या बाजारात कथलाच्या थाळ्या, पेले ढिगाने मिळतात म्हणे. ज्याच्या बुडाला ९५ टक्के कथील असा ठसा आहे, तेवढंच घे. बिनठशाचं जुनं भांडं घेऊ नकोस, त्यात शिसं किती असेल सांगता येत नाही. घरच्या घरी दोन परीक्षा: तुकडा कागदावर घास, करडी रेघ उठली तर शिसं आहे. आणि पातळ पट्टी कानाशी धरून वाकव. कथील असेल तर आत कटकट आवाज येतो, बर्फाचा खडा चहात टाकल्यासारखा. आमच्या वाड्यात येणारा कल्हईवाला गिऱ्हाइकासमोर हेच करून दाखवायचा.

रस किती तापला ते बघायला थर्मामीटर नसेल तर लाकडाची काडी बुडव. हळूहळू काळी पडली की बरोबर. भस्सकन पेटली तर फार तापलाय, शेगडी बंद कर. वर जी साय धरते ती ओतण्याआधी चमच्याने बाजूला कर. मेणाचा हरभऱ्याएवढा तुकडा टाकून ढवळलंस तर सायीतलं बरंच कथील परत खाली येतं. धूर होतो, म्हणून हे उघड्या बाल्कनीतच कर. दार लावायचं बायकोचं बरोबरच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: साच्याच्या आतून मेणबत्तीची काजळी धर. दोन्ही पट्ट्यांना, बुरशीसारखी पातळ, एकसारखी. काजळीने उष्णता थोडी अडते, रस पुढे सरकतो, आणि नवं कथील साच्याच्या धातूला चिकटत नाही. जुने साचे कशाकशाचे असतात याचा भरवसा नसतो. काजळीशिवाय जास्त तापलेला रस ओतलास तर शिपाई आणि साचा एकच होऊन बसतील.

ओतताना साचा थोडा तिरका धर, धार अखंड ठेव, आणि भरल्याबरोबर टेबलावर एकदा टक्कन आपट. तोंडापाशी रसाचं बोंडूक शिल्लक राहू दे. आतला धातू आटतो तेव्हा तो तिथून खेचून घेतो.

खटपट्या

काकांचं सगळं बरोबर, पण संगिनीच्या टोकाला हवा अडकत असेल तर कितीही तापवा, भरायची नाही. सुईने टोकापासून साच्याच्या कडेपर्यंत केसाएवढी चर ओढा. मी रबरी साच्यांत नेहमी हेच करतो, धारदार पात्याने. आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात मॅक्रूमजवळ प्रिन्स ऑगस्ट म्हणून कारखाना आहे, घरी ओतायचे रबरी साचे तेच करतात. मी त्यावर शिकलो. आत शंखजिऱ्याची पूड मारायची, दोन लाकडी फळ्यांमध्ये धरून चिमटा लावायचा. मुलाबरोबर करायचं असेल तर सुरुवात त्यावर करा. तापवण्याची कटकट कमी.

शिरोलीचा ओतारी

रबराला चर ठीक आहे, रबर दुसरं मिळतं. शंभर वर्षांच्या साच्याला सुई लावायची नाही! एकदा ओढलेली चर पुसता येत नाही, आणि पुढच्या प्रत्येक शिपायाच्या संगिनीला मिशी फुटते. हवा काढायची तर चिमटा अर्धा फेरा सैल कर. पट्ट्यांमध्ये कागद जाईल न जाईल इतकी फट. बाहेर जो पातळ पापुद्रा येईल तो कानशीने जातो. हे करून बघ आणि मग मला सांग.

रंगांची पेटी

मी म्युनिकजवळ राहते, सपाट आणि अर्धसपाट दोन्ही रंगवते. कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यातलं कथलाच्या बाहुल्यांचं संग्रहालय बघितलं नसेल तर मुलाला घेऊन नक्की जा. तीन लाखांच्या आसपास बाहुल्या आहेत. तिथून परत आले आणि घरातल्या माझ्या सगळ्या बाहुल्या पुन्हा रंगवायला घेतल्या.

आधी एक वाईट बातमी. तुमचे शिपाई १८१३ च्या लढाईत बसत नाहीत. ते टोकदार शिरस्त्राण, पिकेलहाउबे, प्रशियाच्या सैन्यात १८४२ साली आलं. डी.आर.जी.एम.चा ठसाही १८९१ नंतरचाच. म्हणजे साचा करणाऱ्याने आपल्या काळातले किंवा थोडे आधीचे शिपाई कोरलेत. त्यांना १८७० चं फ्रान्सबरोबरचं युद्ध द्या, शोभून दिसतील. मुलाला समजावणं तुमच्याकडे लागलं.

शिशाबद्दल: मुलगा हाताळणार असेल तर नको. वितळवताना येणाऱ्या वाफेपेक्षा कानस मारताना उडणारी भुकटी आणि बोटांवरून तोंडात जाणारं शिसं जास्त त्रासदायक. नववर्षाच्या रात्री शिसं वितळवून पाण्यात टाकून भविष्य बघायचा इथला खेळ माहीत असेल. त्याचे शिशाचे संच २०१८ पासून दुकानांतून गेले, आता कथील नाहीतर मेण मिळतं. जुन्या बाजारात रंगवलेले जुने शिपाई घेतलेत तरी ते शिशाचे समजूनच ठेवा, मुलाच्या डब्यात नकोत.

आता रंग. शिपाई भांड्याच्या साबणाने धुवा, जुन्या टूथब्रशने. मग करडा अस्तर-रंग, अगदी पातळ. इथे लोक चुकतात ते असं: गोल बाहुलीला रंगवतात तसं अर्धसपाट बाहुलीला रंगवायला जातात. गोल बाहुलीवर सावली खोलीतच पडते. तुमच्या शिपायाला खोली अर्धीच आहे, उरलेली अर्धी तुम्हाला ब्रशने खोटी सांगायची आहे. म्हणून प्रकाश कुठून येतो ते आधी ठरवा. मी नेहमी डावीकडून वरून घेते. मग बाहीच्या उजव्या कडेला, पट्ट्याखाली, दप्तराखाली सावली, आणि डाव्या खांद्यावर उजेड. उलटी बाजू रंगवताना शिपाई फिरतो, प्रकाश फिरत नाही! पहिल्या वेळी माझा अख्खा घोडा यात वाया गेला.

कोटाला प्रशियन निळा, पण नळीतून निघतो तसा नाही. चाळीस मिलिमीटरवर तो काळाच दिसतो. चिमूटभर पांढरा मिसळा. कॉलर आणि बाह्यांच्या पट्ट्या लाल, पँट काळपट करडी, शिरस्त्राण काळं, त्यावरचं टोक आणि गरुड पितळी. सगळं ॲक्रिलिकने करा आणि नीट वाळू द्या. मग कच्चा अंबर (रॉ अंबर, मातकट तपकिरी) तेलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाइतका पातळ करून अंगभर फिरवा आणि पाच मिनिटांनी जुन्या सुती बनियनच्या तुकड्याने उंच भागांवरून पुसून घ्या. खाचांत राहिला तो राहू द्या. शेवटी चेहरा. डोळे काढू नका. भुवईखाली एक तपकिरी सावली पुरते. डोळे काढले की शिपाई भूत पाहिल्यासारखा दिसतो.

लाइपझिगकर

काका, ताई, काय बोलू! शनिवारी बसलो. फ्ली मार्केटमधून ९५ टक्क्यांच्या ठशाची पानफुलं कोरलेली थाळी आणली (सहा युरो, कापताना जिवावर आलं), काजळी धरली, साचा तापवला. पहिले पाच परत पळीत. सहाव्याला टोक आलं, संगीन पाऊण. मग चिमटा अर्धा फेरा सैल केला आणि सातवा साच्यातून काढला तर संगीन टोकापर्यंत, शिरस्त्राणाचं टोक, एवढंच काय, दप्तराच्या पट्ट्याचं बक्कलसुद्धा! तोवर ते आहे हे मला माहीतच नव्हतं. वीसपैकी तेरा चांगले निघाले. खटपट्या, माफ करा, सुई लावली नाही.

१८४२ ची बातमी चिरंजीवांना सांगितली. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला, मग हे शिपाई लढाईचं स्मारक बघायला आलेले पाहुणे. स्मारकाचं उद्घाटन १९१३ चं असल्यामुळे मला काही बोलता आलं नाही. आता तो मावळ्यांचा साचा कुठे मिळेल विचारतोय.

शिरोलीचा ओतारी

विकत मिळतो का ते बघत बसू नकोस, कोरायचा. तुमच्याकडच्या जुन्या कारागिरांनी सपाट बाहुल्यांचे साचे पाटीच्या दगडात कोरले. शाळेची पाटी पातळ पडते, मी शंखजिऱ्याचा दगड वापरतो, तो चाकूनेही कापला जातो. मागच्या दिवाळीत नातवासाठी एक मावळा कोरला, ढाल-तलवारवाला. उलटा कोरायचा असतो हे मधेच विसरलो, म्हणून माझा मावळा डावखुरा आहे. फोटो काढून टाकतो.

आणि हो, साचा ठेवून देताना काजळी पुसून हलका तेलाचा हात दे. पुन्हा ओतायच्या आधी ते तेल पूर्ण काढून टाक, नाहीतर दुसरी चप्पल गेली.