पंप परत आणा, स्वाभिमान नंतर बघू

सावंत वहिनी (बी-१०२): नमस्कार. पंप जळून आठवडा होत आला. सी-३०१ नी मस्कतहून पाठवलेले पैसे कमिटीने परत केले असं आत्ता खाली कळलं. खरं का?

चेअरमन: खरं आहे वहिनी. पैशांबरोबर दीड पानी पत्र होतं. वॉचमनला सुट्टी नाही, केबिनला संडास नाही, आधी ते करा. मदत करायची तर करा, तपासणी कसली? दापोलीत आपल्या सोसायटीचं नाव आहे.

केळकर काका (ए-२०१): योग्य निर्णय 🙏 २००४ च्या त्सुनामीत भारत सरकारनेही परदेशी मदत नाकारलीच होती.

परब (बी-३०४): ता सगळा ऱ्हवांदे. पंप कधी येतलो?

कॅप्टन (ए-४०२): काका, तेव्हा आपण 'आमचं आम्ही बघतो' म्हणालो आणि वर आपलं नौदल श्रीलंका, मालदीवला मदत घेऊन गेलं. इथे आहे काय आपल्याकडे? हे ब्रह्मदेशासारखं झालं. मे २००८, नर्गिस वादळ. मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजारांच्या आसपास माणसं. अमेरिकेची 'एसेक्स', फ्रान्सची 'मिस्त्राल' ही जहाजं सामान भरून किनाऱ्याबाहेर उभी, आणि लष्करी सरकार आत घेईना. 'मिस्त्राल'ने शेवटी सगळा माल थायलंडमध्ये फुकेतला उतरवला.

चेअरमन: कॅप्टन, मला लष्करशहा म्हणताय?

कॅप्टन: उदाहरण दिलं. लागलं असेल तर बघा बुवा.

सावंत वहिनी: गच्चीवर कोणी सोलं वाळत घातलीत? टाकीच्या झाकणावर रस सांडलाय.

केळकर काका: टाकी कोरडीच आहे वहिनी 😄 कोणीतरी वॉचमनला सांगा, विहिरीवरून चार कळश्या २०१ ला आणून दे म्हणावं.

ओंकार (ए-३०३): वा काका! पत्राचं उत्तर दिलंत.

परब: पंप कधी येतलो?

पाटणे सर (सी-१०१): एक मुद्दा राहिला. त्याच २००८ मध्ये आपल्या 'राणा' आणि 'किरपाण' या युद्धनौका मदत घेऊन ब्रह्मदेशात यांगूनला गेल्या आणि तिथल्या सरकारने ती घेतली. कारण आपण त्यांना चारचौघांत काही सुनावलं नव्हतं. इंडोनेशियाचे हुकूमशहा सुहार्तो, त्यांचंही तसंच. नोव्हेंबर १९९१ मध्ये पूर्व तिमोरमधल्या दिली शहरातल्या स्मशानभूमीत त्यांच्या सैनिकांनी गोळीबार केला, नेदरलँड्सने जाब विचारला, आणि मार्च १९९२ मध्ये इंडोनेशियाने डच मदत बंद केली. मदतीचा धाक दाखवू नका, म्हणाले.

चेअरमन: बघा! स्वाभिमान.

पाटणे सर: पुढचं वाचा. डचांच्या अध्यक्षतेखालचा देणगीदारांचा गट मोडून जागतिक बँकेच्या अध्यक्षतेखाली नवा केला. डच वगळून बाकीच्यांचे पैसे चालूच. नकार परवडला, कारण मोठे देणारे दुसरे होते. आपल्याला दुसरं कोण देणार आहे?

ओंकार: बिल्डर 😂😂

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून बोला.

केळकर काका: निसर्ग वादळानंतर पुण्याहून पत्रे आले, तेव्हा कोणी असले प्रश्न नव्हते विचारले.

सावंत वहिनी: आणि ते पत्रे आधी कोणाच्या गॅरेजवर चढले ते इथे लिहू का?

चेअरमन: वहिनी, हे वैयक्तिक होतंय. मान ठेवून सांगतोय.

परब: मान ठेवा, पण पंप कधी?

सी-३०१ (मस्कत): सर्वांना नमस्कार. कॅप्टननी जहाजं सांगितली, पुढचंही सांगायचं. २३ मेला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून स्वतः जाऊन भेटले तेव्हा दारं उघडली. वादळ २ तारखेचं. मधले तीन आठवडे सरकारचा मान राहिला, इरावतीच्या खाडीतल्या लोकांना काय मिळालं? मी पंपवाल्याला थेट पैसे देतो, पावतीवर माझं नाव नको. पत्र मात्र मागे घेणार नाही.

चेअरमन: विषय रविवारच्या मीटिंगमध्ये घेऊ. तोपर्यंत कोणीही परस्पर व्यवहार करू नये.

परब: म्हणजे रविवारपर्यंत आंघोळ नाय.

सेक्रेटरी: वॉचमन सकाळपासून दिसत नाही, केबिनला कुलूप आहे. कोणाला सांगून गेलाय का?

केळकर काका: अहो, मग माझ्या कळश्या?