जुन्या फायटिंग गेम्सचे कोणते पुढचे भाग खेळावेत?

रानवारा
भाच्याची बारावी संपली. काल विचारत होता, "मामा, किंग ऑफ फायटर्सचे एवढे भाग आहेत, सुरुवात कुठून करू?" झालं, शाळेमागचं व्हिडिओ गेम पार्लर आठवलं. आमच्याकडे त्यातला ९७ चा भाग होता, त्यामुळे जीव त्याच्यावरच. तरी भाच्याला ९८ सांगितला. त्यात कथाच नाही, नुसती मारामारी, आधी मेलेला खलनायक रुगलसुद्धा परत आलाय. ९७ मध्ये कोपऱ्यात सापडलात की सुटका नाही, ९८ मध्ये ते बरंच कमी. तुमचे अनुभव लिहा.

तिखटजाळ
९७!!! तिघांच्या टीममध्ये इओरी, क्यो, तिसरा कुणीही घ्या.

दादरचा_पाऊस
स्ट्रीट फायटर २ (१९९१) चे तीन वर्षांत चार सुधारित अवतार आले. सगळे खेळायची गरज नाही. मित्र सोबत असेल तर सुपर टर्बो: सुपर कॉम्बो (मीटर भरला की मारायचा जबर वार) त्यातच आला, अकुमा हे गुप्त पात्रही त्यातच लपलंय. एकट्याने खेळणार असाल तर चॅम्पियन एडिशन. चारही बॉस घेता येतात आणि सुपर टर्बोतला कॉम्प्युटर नवख्याला उभं राहू देत नाही.

कढीपत्ता
भाजी गॅसवर आहे, पटकन लिहिते. टेकन ३! दादा जिन घ्यायचा, मी एडी. लाथांची दोन बटणं दाबत राहायचं, दादा चिडायचा. ४ मध्ये जमीन उंचसखल केली, मजा गेली. थेट ५ वर जा.

गणपुले_नाही
मुस्तफा कुणीच नाही लिहिलं??

दादरचा_पाऊस
@गणपुले_नाही तो कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स, १९९३. दोघं मिळून गुंडांना मारायचं, एकमेकांना नाही. इथे बसत नाही, पण धावत येऊन मारलेली त्याची लाथ आजही आवडते.

नदीकाठ
काकांचं पार्लर होतं. दुपारी कॉइनचा डबा उघडून मोजायला मला बसवायचे, हातांना लोखंडाचा वास यायचा. घरोघरी कॉम्प्युटर आले आणि गिऱ्हाईक गेलं. मशीन भंगारात दिली तेव्हा काका त्या दिवशी जेवले नाहीत.

कढीपत्ता
@नदीकाठ अरेरे. काका कसे आहेत आता?

नदीकाठ
बरे आहेत. नातवाला ९७ लावून देतात :)

उलटीपालटी
मॉर्टल कोम्बॅट ३ घेऊ नका, त्यात स्कॉर्पियन हा लाडका फायटरच नाही! त्याच वर्षी (१९९५) अल्टिमेट आला, त्यात तो आहे. तोच घ्या. दुसरा भागही झकास.

रानवारा
स्ट्रीट फायटर ३ चा थर्ड स्ट्राइक कुणी खेळलंय का? भाचा २००४ चा डायगो या जपानी खेळाडूचा व्हिडिओ दाखवत होता, त्याच्या केनचा जीव संपत आलाय आणि चुन-लीची अख्खी सुपर अडवतो.

दादरचा_पाऊस
खेळतो अजून. फटका लागतोय त्याच क्षणी स्टिक पुढे ढकलायची, जीव जात नाही. जरा उशीर झाला की सरळ तोंडावर. अडवायला स्टिक मागे ओढायची सवय मोडायला वेळ लागतो. भाच्याला ९८ नंतर हाच दे.

तिखटजाळ
आधी ९७.