चर्चचे शिखर, मनोरा की सुळका?

प्रश्न : कोल्हापूरच्या टाऊन हॉलवर लेख लिहिताना त्याच्या गॉथिक (टोकदार कमानींच्या, उंच बांधणीच्या मध्ययुगीन युरोपीय) धाटणीमुळे युरोपातील चर्चचा उल्लेख ओघाने आला. चर्चच्या उंच, टोकदार भागाला अंबाबाईच्या देवळाप्रमाणे 'शिखर' म्हटले तर चालेल का?

उत्तर १ : चालू नये, असे मला वाटते. देवळाचे शिखर गर्भगृहावर उभे असते, म्हणून ते दुरून दिसताच देव कोठे आहे हे कळते. चर्चची वेदी बहुधा पूर्वेकडे असते आणि मनोरा पुष्कळदा पश्चिमेच्या प्रवेशद्वारावर किंवा उभे आणि आडवे दालन जेथे छेदतात तेथे असतो. इटलीत तर तो अनेक ठिकाणी मुख्य वास्तूपासून सुटा बांधलेला आढळतो. पिसाचा ११७३ मध्ये सुरू झालेला कलता मनोरा हा शेजारच्या कॅथीड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) घंटांसाठीच होता. त्याला 'घंटामनोरा' म्हणावे. 'घंटाघर' हा हिंदी वळणाचा शब्द कोल्हापूरच्या न्यू पॅलेसवर आहे तशा घड्याळाच्या टॉवरची आठवण करून देतो.

उत्तर २ : 'मनोरा' मान्य, परंतु त्यावरच्या निमुळत्या टोकाला वेगळा शब्द हवा, कारण शैलीचा फरक बराचसा तेथेच दिसतो. गॉथिकच्या आधीच्या रोमनेस्क शैलीतील मनोरे जाड भिंतींचे, अर्धगोल कमानींचे आणि बहुधा बसक्या छपराचे असत. गॉथिक कारागीर चौकोनी मनोऱ्यावर अष्टकोनी, दगडी टोक चढवू लागले. इंग्लंडमधील सॉल्झबरी कॅथीड्रलचे चौदाव्या शतकातील टोक जमिनीपासून सुमारे १२३ मीटर उंच असून त्याच्या भाराने खालचे खांब वाकलेले आजही दिसतात. फ्रान्समधील शार्त्रच्या कॅथीड्रलवर बाराव्या शतकातील साधे टोक आणि सोळाव्या शतकातील नक्षीदार टोक एकाच दर्शनी बाजूवर उभे आहे. विजोड खरे, पण मला ते फार आवडतात. या टोकाला गिर्यारोहकांचा 'सुळका' हा शब्द चपखल बसतो.

उत्तर १ : 'सुळका' उत्तम. त्यामुळे मुंबईच्या अफगाण चर्चच्या मनोऱ्यावर सुळका आहे आणि जुन्या गोव्यातील से कॅथीड्रलच्या चौकोनी मनोऱ्यावर तो नाही, हे नेमकेपणाने लिहिता येते. (से कॅथीड्रलचा जोडीचा दुसरा मनोरा १७७६ मध्ये कोसळला, म्हणून तेथे एकच दिसतो.) बव्हेरियातील चर्चवरच्या कांद्याच्या आकाराच्या माथ्याला मात्र 'सुळका' म्हणू नये, तेथे 'कांदाकृती घुमट' असेच लिहावे.