कोरियात राहिलेल्यांनो, रोजचं काय ते सांगा

रांजणगावात एलजी कधीची आहे, आता तळेगावात ह्युंदाई आली, त्यामुळे आमच्या पुण्याकडे हल्ली दर दोन-चार घरांमागे एखादं तरी पोरगं कोरियन शिकताना दिसतं. ड्रामे बघून प्रश्न विचारतात, आणि ड्राम्यात ना कोणी कचरा टाकायला जातं ना बँकेत रांग लावतं. म्हणून म्हटलं, जे तिथे राहिलेत किंवा राहताहेत त्यांनी रोजच्या गोष्टी लिहा. छोटं-मोठं काहीही चालेल.

सुरुवात माझ्यापासून. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही सुवॉनला होतो, लेक तेव्हा तान्ही. लिफ्टमध्ये अनोळखी आजी आत आली की पहिली नजर बाळाच्या पायांकडे! मोजे नसले की संपलं, भर जूनमध्येसुद्धा ‘मोजे कुठायत, थंडी वाजेल’ म्हणून मला सुनावणार, आणि सुनावता सुनावता स्वतःच्या दोन्ही तळव्यांत तिची पावलं धरून चोळणार. मला आधी राग यायचा, नंतर कळलं की कानटोपीवाल्या आपल्या आज्या आणि या एकाच पंथातल्या. दुसरं म्हणजे वय. जन्मताच एक वर्षाचं आणि मग दर 1 जानेवारीला सगळ्यांचं एक वाढणार, ही पद्धत जून 2023 पासून सरकारने कागदोपत्री बंद केली, पण वय विचारायचं कोणी थांबलेलं नाही. विचारल्याशिवाय त्यांना तुमच्याशी बोलायचं कसं तेच ठरवता येत नाही ना. आपल्याकडे अरे-तुरे, अहो-जाहो आहेच, पण तिथे वर्षभराच्या फरकानेही क्रियापदाचं शेपूट बदलतं.

देजॉनची पीएचडीवाली
पहिले काही आठवडे सगळं फोनवर अडतं. 90 दिवसांच्या आत परदेशी नोंदणी करून कार्ड घ्यावं लागतं, कार्डाशिवाय नावावर फोन नाही, नावावरच्या फोनशिवाय ओळख पटवता येत नाही आणि ओळख पटल्याशिवाय ऑनलाइन साधा साबणही मागवता येत नाही. त्यात आपली मराठी नावं! पासपोर्टवर नावाला चिकटून वडिलांचं नाव, आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि तिकडची बहुतेक नावं तीन अक्षरांत आटपतात. एका ठिकाणी मध्ये जागा सोडलेली चालते, दुसऱ्या ठिकाणी चालत नाही, आणि बँक, फोन, कार्ड तिन्हीकडे अक्षरन्अक्षर जुळलं पाहिजे. काउंटरवरची बाई बिचारी घाम पुसत टाईप करायची.

कचऱ्याचं एकदा समजलं की सोपंय. 1995 पासून विकतच्या ठरलेल्या पिशवीतच टाकायचा, जेवढा कचरा तेवढ्या पिशव्या, म्हणजे तेवढे पैसे. ओला कचरा वेगळा, आमच्या बिल्डिंगमध्ये तर कार्ड लावलं की झाकण उघडतं, वजन होतं आणि बिलात लागतं. पण ओल्यात काय? ढोबळमानाने, जनावर खाऊ शकेल ते. त्यामुळे अंड्याची टरफलं, हाडं, कांदा-लसणाची सालं, आंब्याची कोय हे सगळं साध्या पिशवीत. आपल्या फोडणीच्या स्वयंपाकात कांद्याची सालं किती निघतात ते तिथे गेल्यावर कळलं.

मालवणी, मुक्काम गॉजे
मी शिपयार्डात आहे, गॉजे बेटावर. सुट्टीला बसने पुलावरून आणि समुद्राखालच्या बोगद्यातून बुसान. तिथलं जागालची नावाचं मासळी मार्केट म्हणजे आपलं माहेर समजा. बायका टबात हात घालून मासा उचलून दाखवतात, ओरडतात, घासाघीस केली तर हसतात आणि वर शिंपले टाकतात. क्लासमध्ये शिकलेलं कोरियन इथे अर्धं चालत नाही, बुसानच्या बोलीचा हेलच वेगळा, पहिल्यांदा मला वाटलं भांडताहेत. इथलं डुकराच्या मांसाचं सूप-भात फेमस, त्यासोबत वाटीत खारवलेली बारीक कोळंबी येते, ती घालून चव जुळवायची. अरे हा तर जवळा! सुकवायच्या ऐवजी मिठात मुरवलाय इतकंच. किमचीतही, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीतही, बहुतेक तोच असतो, तेव्हा शाकाहारी मंडळींनी लोणचं समजून ताव मारू नये.

पांग्यो, आयटी, शुद्ध शाकाहारी
वरच्या शेवटच्या वाक्याला अनुमोदन. ‘मांस नको’ म्हटलं की हॅम आणि फिशकेक त्यांच्या हिशोबात मांस नसतंच, नावं घेऊन सांगावं लागतं. ऑफिसच्या पार्टीत ग्लासात साधा लिंबू-सोडा घेतला तरी चालतं, फक्त मोठ्यांना दोन हातांनी ओता आणि पिताना मान बाजूला वळवा, मग कोणी काही बोलत नाही. बौद्ध मठांचं जेवण मात्र नक्की शोधा, त्यात कांदा-लसूणही नसतो, चातुर्मासवाल्यांची सोय!

जॉन्जूची सून
माझं सासर कोरियन. 2024 ला चुसॉक, म्हणजे इथला सुगीचा सण, 17 सप्टेंबरला आला आणि त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. त्यांचा चुसॉक आठव्या चांद्रमासातल्या पौर्णिमेला, त्यामुळे बऱ्याचदा गणपतीच्या आगेमागे येतो, पण त्यावेळी थेट विसर्जनाच्या दिवशीच. आदल्या दिवशी सासूबाईंबरोबर सोंगप्यॉन करायला बसले. तांदळाच्या उकडीची पारी, आत तीळ-मधाचं सारण, मुडपून पाइनच्या सुयांवर वाफवायचे. मी सवयीने कळ्या पाडायला लागले तर सासूबाईंनी एक हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला आणि ‘हा तुझ्या देवाचा’ म्हणून बाजूला ठेवला. सकाळी पितरांचं पान मांडतात. फळं, मासा, भाज्या, भात, सगळ्याच्या जागा ठरलेल्या, आणि भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवतात, पितरांनी जेवावं म्हणून. म्हणूनच एरवी जेवताना चमचा भातात उभा ठेवला की घरातलं वातावरण एकदम बिघडतं. आपल्याकडे पितृपक्ष दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होता, आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, तुझ्याकडे एक दिवस आधी आले एवढंच.

सासूबाई माझ्याशी बोलतात ते कुठल्याच पुस्तकात नाही. कोरियन शिकणाऱ्या पोरांसाठी परीक्षेचंही सांगते: टॉपिक म्हणजे कोरियन भाषेची परीक्षा, तिच्या सहा लेव्हल आहेत, पण नेहमीच्या पेपरात बोलायची परीक्षा नसते, ती 2022 पासून वेगळी घेतात. तेव्हा लेव्हलच्या मागे लागण्याआधी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात बसा. आणि येताना हिंग आणा, डाळी-पीठं सोलला इतेवॉनच्या दुकानांत मिळतात, कुरियरनेही येतात.